पिंपात मुरलेली रेड वाईन चाखताना: आधी थर्मामीटर, मग मसाल्याचा डबा

महागाची रेड वाईन उघडली आणि पहिल्याच घोटाला ‘नुसती कडक आहे’ असं वाटलं, तर बाटलीला नावं ठेवण्याआधी खोलीचं तापमान बघा. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ही खोली युरोपातली आहे, जाड दगडी भिंतींची, जेमतेम १६ ते १८ अंशांची. नांदेडला एप्रिलच्या दुपारी पंख्याखालची खोली ३४-३५ अंशांवर असते. एवढ्या उष्ण वाईनमधून अल्कोहोल भराभर उडतं, ते आधी नाकात शिरतं आणि फळाचा, लाकडाचा, मसाल्याचा वास त्याच्यामागे दडून जातो. घशाशी जळजळ होते आणि वाईन पातळ, सैल लागते. याच्या उलट फ्रिजमधून काढून लगेच ओतली, तर ४-५ अंशांना वास बंद होतो आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. दोन्ही वेळा पैसे पाण्यात.

म्हणून पहिली खरेदी ग्लासाची नको. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर आणा. १६ अंशांना ओतायची, १८ पर्यंत प्यायची, २० च्या वर गेली की पुन्हा थंड करायची, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

थंड करणं

बाटली ३२ अंशांवर असेल, तर फ्रिजमध्ये आडवी ठेवून तिला १७ अंशांवर यायला साधारण दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाचे खडे काचेला मोजक्या ठिकाणीच टेकतात, मधली हवा थंडावा पोचू देत नाही आणि वेळ वाढतो. फ्रीझर टाळाच. विसरलात तर वाईन गोठते, फुगते आणि बूच वर येतं.

ग्लासातली वाईन ३५ अंशांच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार अंश चढते. त्यामुळे एका वेळी ६० मिलीच ओता आणि बाटली गार पाण्यातच उभी ठेवा. वीज गेली आणि बर्फही नसेल, तर बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवा. माठ आणि कूलर ज्यावर चालतात तेच हे तत्त्व. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत बाटली याने बरीच उतरते, पण १६ पर्यंत कधीच येत नाही. मृग लागून हवा दमट झाली की हा उपाय कूलरसारखाच बसून जातो.

एवढी कसरत करायची नसेल तर डिसेंबर-जानेवारी धरा. परभणीचा पारा तेव्हा दहाच्याही खाली उतरतो, संध्याकाळी घरातच १८-२० अंश मिळतात आणि बाटली खिडकीत तासभर ठेवली तरी काम होतं. चांगल्या रेडचा मराठवाड्यातला हंगाम हाच.

साठवणुकीतही शत्रू हाच उन्हाळा. माळ्यावर, पत्र्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या कपाटात बाटली ठेवली, तर एका मे महिन्यात ती शिजते. आतला द्रव प्रसरण पावतो, बूच किंचित वर सरकतं, गळ्यापाशी चिकट ओघळ दिसतो, आणि वाईनला ताज्या फळाऐवजी आटवलेल्या मनुकांच्या पाकासारखा वास येतो. हा दोष परत फिरत नाही. जुन्या माळवदाच्या घराच्या मधल्या खोलीत बाहेरच्यापेक्षा गारवा असतो हे खरं, पण तिथेही वैशाखात २८-३० अंश असतात. त्या खोलीत पंधरा दिवस चालतील, सहा महिने नाही. वाईनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजचा सर्वांत खालचा, भाजीचा कप्पा बरा. ठेवण्यासाठी तो जास्तच गार आहे, पण गारव्याने वाईन फक्त सावकाश मुरते, उष्णतेने मरते. बूच लावलेली बाटली आडवी ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या कोरड्या हवेत बूच सुकून आकसतं आणि हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

नाशिकहून संभाजीनगरला बाटल्या आणताना उन्हाळ्यात त्या गाडीच्या डिकीत तशाच टाकू नका. थर्माकोलचा खोका आणि दोन बर्फाच्या थैल्या पुरतात. वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा, कारण बंद गाडी तासाभरात भट्टी होते. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला-प्यायला परवाना लागतो, तो घेऊन ठेवा. दुकानात एक दिवसाचाही मिळतो.

बाटलीत नेमकं काय आहे

पिंपात मुरलेल्या कित्येक रेड ब्लेंड असतात, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाईनचं मिश्रण. ब्लेंड म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं, हा गैरसमज आधी काढून टाका. काळा मसाला करताना धणे, खोबरं, दगडफूल, लवंग सगळं एकदम कढईत टाकत नाहीत. प्रत्येकाला भाजायला लागणारा वेळ वेगळा, आणि एकत्र टाकलं तर धणे कच्चे असतानाच खोबरं करपतं. चांगल्या ब्लेंडमध्येही बहुतेक वेळा प्रत्येक द्राक्षाची वाईन वेगळी बनते, वेगळ्या पिंपात मुरते आणि शेवटी चाखून-चाखून मिसळली जाते. काही जण आधी मिसळून मग मुरवतात, त्याने सगळं जास्त एकजीव होतं.

कोणतं द्राक्ष काय देतं ते थोडक्यात सांगायचं तर काबेर्ने सोविन्यों कणा देतं: गडद रंग, काळ्या फळाचा वास, भरपूर तुरटपणा. पण नुसत्या काबेर्नेत घोटाच्या सुरुवातीला आणि शेवटी चव असते, मध्ये पोकळी जाणवते. ती पोकळी फ्रान्सच्या बोर्दो भागात मेर्लो भरतं, ऑस्ट्रेलियात शिराझ. बोर्दोच्या मिश्रणात काबेर्ने फ्रां सुगंधासाठी, पेती वेर्दो रंग आणि धारेसाठी चिमूटभर असतं. आपल्याकडे काबेर्ने-शिराझ ही जोडी जास्त चालते. ग्रोव्हर झम्पाची ‘ला रिझर्व्ह’ याच जोडीची, नाशिकच्या यॉर्कची ‘आरोस’ही. अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’मध्ये इटलीचं सांजोव्हेसे असतं, म्हणून ती शिराझच्या ब्लेंडपेक्षा आंबट आणि सडपातळ लागते. धाराशिवकरांना नाशिकपेक्षा अकलूज जवळ, ही एक सोय.

आता पिंप. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे त्यातून ३०० बाटल्या निघतात. लाकूड ओकचं. पिंपाच्या आतून आग लावून ते भाजलेलं असतं, आणि भाजणी हलकी, मध्यम की जास्त यावर वास ठरतो. लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबाने आत शिरते, त्यामुळे तुरटपणा मऊ होतो आणि रंग पक्का बसतो. उलट दिशेने वाईन उडत राहते, म्हणून दर काही आठवड्यांनी पिंप वरपर्यंत भरावं लागतं. नवं पिंप सगळ्यात जास्त वास देतं, चौथ्या खेपेला ते जवळपास मुकं होतं. तेव्हा ‘अठरा महिने पिंपात’ एवढंच वाचून हुरळू नका. नव्या पिंपातले नऊ महिने जुन्या पिंपातल्या अठरा महिन्यांपेक्षा जास्त लाकूड देऊ शकतात. स्वस्त वाईनमध्ये पिंपाऐवजी टाकीत ओकच्या चकत्या बुडवतात. वास येतो, पण हवेचं काम होत नाही. अशा वाईनमध्ये व्हॅनिला वर तरंगतो आणि खाली तुरटपणा कच्चाच राहतो.

लेबलावरच्या ‘रिझर्व्ह’ शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. स्पेनच्या रिओहा भागात ‘रेझेर्व्हा’ रेड म्हणजे एकूण तीन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष पिंपात. इतर ठिकाणी या शब्दावर विसंबू नका, मागच्या लेबलावर महिने लिहिले आहेत का ते बघा. साल वाचताना एक लक्षात ठेवा: आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोड वर्षाच्या सुरुवातीला, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एकाच सालाच्या दोन बाटल्यांमध्ये आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी.

मसाल्याचा डबा काढा

‘सीडर, कॅसिस, ब्लॅकबेरी’ असलं वर्णन वाचून आपल्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही, कारण या वस्तू आपण हुंगलेल्याच नाहीत. पण पिंपात मुरलेल्या वाईनमध्ये जे वास असतात, त्यातले निम्मे ज्या घरात दर उन्हाळ्यात काळा मसाला होतो त्या घराला पाठ आहेत. हे नुसतं साम्य नाही, कित्येकदा रेणूच तोच असतो.

लवंगेला लवंगेचा वास देणारं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोनमुळे, आणि मिरीतही रोटंडोनच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, म्हणून बरोबरच्यांना मिरी लागली आणि तुम्हाला लागली नाही तर नाकाला दोष देऊ नका. अमेरिकन ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याची आठवण देतात, पिंप भाजलेलं असलं की ते किसून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याजवळ जातं. लाकूड भाजताना व्हॅनिलिन सुटतं, त्याचा वास कस्टर्ड पावडरचा. भाजणी जास्त असेल तर धुरकट ग्वायाकॉल येतं, म्हणजे चुलीवर भाजलेल्या वांग्याची साल. फ्रेंच ओक या सगळ्यांत संयमी असतं, त्यात लवंग-दालचिनी पुढे आणि खोबरं मागे. अमेरिकन ओक बरोबर उलट. काबेर्ने कच्चं तोडलं असेल तर ढोबळी मिरची येते, तीही ढोबळी मिरचीतल्याच पायराझिनमुळे.

नाकाला सवय लावायची पद्धत प्रयोगशाळेतली आहे, पण घरी सहज होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाईनच्या वासांचं चक्र तयार केलं, तेव्हा त्यांनीही वासाचे नमुने साध्या वाईनमध्ये रोजच्या वस्तू घालूनच केले. स्वस्त, पिंपात न मुरलेली रेड घ्या. सहा ग्लासांत प्रत्येकी ५० मिली ओता. एकात एक लवंग, दुसऱ्यात चार-पाच मिरी जाडसर ठेचून, तिसऱ्यात व्हॅनिला इसेन्सचे एक-दोन थेंब, चौथ्यात चिमूटभर भाजलेलं खोबरं, पाचव्यात ढोबळी मिरचीचा नखाएवढा तुकडा. सहावा ग्लास कोराच ठेवा, तुलनेला तोच लागतो. सगळ्यांवर बशी झाका. वीस मिनिटांनी लवंग काढून टाका, नाहीतर ती सगळ्यांना गिळते. मिरचीचा तुकडा अर्धा तास राहू द्या. मग कोरा ग्लास, नमुना, पुन्हा कोरा, असं हुंगत जा. शेवटी डोळे मिटून दुसऱ्याकडून ग्लासांची अदलाबदल करून घ्या आणि ओळखा. पहिल्या दिवशी तीन बरोबर आले तरी छान. या वाईन प्यायच्या नाहीत, ओतून द्या.

फळांसाठीही आपलेच शब्द वापरा. पिकलेलं जांभूळ आणि करवंद काबेर्नेजवळ जातात, तुती मेर्लोजवळ, काळी मनुका आणि जांभळाचा घट्ट गर शिराझजवळ, आंबट आलुबुखार आणि आमसूल सांजोव्हेसेजवळ. वय झालेल्या बाटलीत खारीक, अंजीर, चामड्याची जुनी पिशवी, तंबाखूचं पान, पहिल्या पावसानंतरची काळी माती आणि दगडफूल निघतं. दगडफुलाचा तो ओलसर, जंगली वास इंग्रजी याद्यांत सहसा सापडत नाही, पण दहा वर्षांच्या काबेर्नेला तो फार चपखल बसतो.

तुरट, आंबट, कडू

रेड वाईनबद्दल ‘कडू लागते’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेकांना म्हणायचं असतं तुरट. तुरट ही मुळात चव कमी आणि स्पर्श जास्त. टॅनिन, म्हणजे वाईनमधलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या-गालांना खरखर जाणवते, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं तसं. आंबटाने उलट तोंडाला पाणी सुटतं. घोट गिळल्यावर तोंड आधी ओलं होतंय की कोरडं, एवढ्यावर लक्ष दिलं की दोन्ही वेगळे कळतात. कडू मेथीसारखं, मागे रेंगाळतं.

सराव चहावर करा. एकच चहापत्ती, बिनदुधाची, बिनसाखरेची: एक कप दोन मिनिटं मुरलेला, एक पाच, एक दहा. गार होऊ द्या आणि क्रमाने घोट घ्या. दहा मिनिटांचा चहा म्हणजे तरुण काबेर्ने. आता त्यातच चमचाभर दूध घाला आणि पुन्हा प्या. तुरटपणा एकदम उतरतो, कारण टॅनिनला लाळेऐवजी दुधातली प्रथिनं सापडली. मटणाबरोबर रेड का जमते, याचं उत्तर त्या चमच्यात आहे.

तुरटपणा किती यापेक्षा तो कसा, हे जास्त महत्त्वाचं. जाड रव्यासारखा दातांवर येतो, की बारीक दळलेल्या बेसनासारखा सगळीकडे सारखा पसरतो? पिंपात नीट मुरलेल्या वाईनमध्ये तो भरपूर असूनही बारीक असतो. पैसे त्याचेच दिलेले असतात.

ग्लास, खोली, बूच

ग्लास पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता, पातळ काचेचा, ४५० ते ६०० मिलीचा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, सरळ ग्लासात वास कोंडत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर धुतलेल्या ग्लासावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं खळबळणं फिल्टरच्या गरम पाण्याने करा आणि साबणाचा वास न येणाऱ्या सुती कापडाने पुसा. कपाटात उपड्या ठेवलेल्या ग्लासात कपाटाचा वास साठतो. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगायची सवय लावा.

खोलीत उदबत्ती, कापूर, डासांची अगरबत्ती, अत्तर नको, आणि ताजी फोडणी तर मुळीच नको. तंबाखू, पान, सुपारी, बडीशेप, दात घासणं, सगळं तासभर आधी थांबवा. सर्वांत चांगली वेळ सकाळी अकराची, पोट फार भरलेलं नाही आणि उजेड खिडकीतला. पिवळ्या दिव्याखाली रंग बघण्यात अर्थ नाही.

बूच काढताना वरचा पत्रा बाटलीच्या ओठाखालून कापा, तोंड पुसा, स्क्रू मधोमध घाला आणि शेवटचं वेटोळं बाहेर राहू द्या. आरपार गेला तर बुचाचे कण वाईनमध्ये पडतात. बूच तुटलं तर उरलेला तुकडा सावकाश आत ढकला आणि वाईन स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या. बिघडत काही नाही.

बूच काढून बाटली तशीच तासभर ठेवल्याने फारसं काही होत नाही, कारण एवढ्याशा गळ्यातून हवा किती जाणार. हवा द्यायची तर काचेच्या जगमध्ये उंचावरून ओता. दोन-चार वर्षांच्या वाईनला अर्धा ते एक तास. जग गार पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर हवा मिळेपर्यंत तापमान हातचं जातं. पितळी-तांब्याचं भांडं नको, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तशी वाईनही कळकते. दहा वर्षांपुढच्या बाटलीचं वेगळं: आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या आणि पिण्याच्या ऐन वेळी, गळ्यामागे टॉर्च धरून, हळू ओता. गाळ गळ्याशी आला की थांबा. जुन्या वाईनला तासभर हवा दिली तर उरलासुरला सुगंध जगमध्येच उडून जातो.

चाखणं

६० मिली ओता. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा. जांभळी झाक म्हणजे तरुण, माणकासारखा लाल म्हणजे मधलं वय, विटेसारखी कड म्हणजे उतरतं. तीन वर्षांच्या वाईनची कड विटकरी दिसत असेल तर कुठेतरी ऊन लागलंय. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या धारा बघून लोक ‘दर्जेदार’ म्हणतात. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

ग्लास न हलवता एकदा हुंगा. हलके वास आणि दोषही याच वेळी सापडतात. मग ग्लासाचा पाय टेबलावर टेकवून पाच-सहा वेळा गोल फिरवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वासाने नाक थकतं. थकलं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, नाक ताळ्यावर येतं. क्रम ठरवून ठेवा: आधी फळ शोधा, मग पिंप, मग वय. तिन्हीतलं एकच काहीतरी ओरडत असेल तर वाईन अजून जुळलेली नाही. व्हॅनिला-खोबऱ्याच्या मागे फळ दिसतच नसेल, तर ती महाग वाईन नाही, महाग लाकूड आहे.

घोट दोन-तीन छोटे चमचे, म्हणजे १० ते १५ मिली. तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आठ-दहा सेकंद धरा. सुरुवातीला काय आलं, मध्ये पोकळी आहे का, तुरटपणा कुठे बसला ते बघा. मग थुंका. चाखायला बसलेल्या माणसाने थुंकण्यात लाजण्यासारखं काही नाही, घरात पिकदाणी असेल तर तिला पुन्हा काम मिळेल. गिळत गेलात तर तिसऱ्या वाईनला सगळंच छान लागतं.

थुंकल्यावर सेकंद मोजा. फ्रेंचांनी चवीच्या रेंगाळण्याला एकक ठेवलंय, कोदाली, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. पाचाच्या आत संपली तर साधी, दहाच्या पुढे चांगली, वीसच्या पुढे गेली तर बाटली लक्षात ठेवा. मात्र मोजायचं फळाचं आणि मसाल्याचं, घशातली जळजळ धरायची नाही.

टिपण बोलण्याआधी लिहा. एकाने ‘जांभूळ’ म्हटलं की सगळ्यांना जांभूळच येतं. त्याच वाईनची नोंद तीनदा करा: उघडताच, अर्ध्या तासाने, दीड तासाने. पिंपात मुरलेली चांगली वाईन या वेळात बंद दारातून अंगणात येते. जी पंधरा मिनिटांत उतरते तिच्यात मुळात फार काही नव्हतं.

दोषांपैकी काडेपेटी किंवा सडक्या अंड्याचा वास बहुधा हवेने जातो. जगमधून दोनदा इकडून तिकडे ओता आणि वीस मिनिटं थांबा. ओल्या पोत्याचा, भिजल्या वर्तमानपत्राचा वास मात्र बुचातल्या दोषाचा, तो हवेने वाढतो आणि बाटली परत करावी. नखपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे आंबायला लागली. गोठ्याचा वास थोडा असेल तर काहींना आवडतो, फळ झाकलं जाईपर्यंत असेल तर दोषच.

ताटात काय

चाखून झाल्यावर जेवण, आधी नाही. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात, म्हणून ठेचा आणि झणझणीत येसर आमटी या बाटलीबरोबर नको. त्यांना ताकच बरं. संभाजीनगरचा नान-कलिया, तिखट आवरलेला, फार जमतो: मटणातल्या प्रथिनांनी टॅनिन मऊ होतं आणि गरम मसाला पिंपातल्या लवंगेला हात देतो. शाकाहारी ताटात चुलीवरच्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची कमी करून, आणि ज्वारीची भाकरी, वर लोणी. धुराला धूर भेटतो. शेंगदाण्याची चटणी मीठ नीट आणि मिरची अर्धी ठेवून केली तर चालते, मिठाने तुरटपणा कमी वाटतो. हुरड्याच्या दिवसांत बाटली उघडायचा मोह होतो, पण कोवळा हुरडा आणि गूळ गोड, त्याच्यापुढे कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड आंबट आणि लाकडी लागते. हुरडा आटपू द्या, मग आगटीवर मटण भाजायला घ्या आणि तेव्हा ओता. मासे टाळा, टॅनिनच्या रेडबरोबर तोंडात लोखंडाची चव येते.

एका ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीप्रमाणे बारा जण चाखू शकतात. चौघेच असाल तर अर्धी बाटली उघडताक्षणी छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. हवेला जागा नसल्याने तीन ते पाच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, वैशाखात पंधरा मिनिटं आधी, आणि थर्मामीटर घालून बघा.